अंगणातल्या घराचा वाढत गेलेला खर्च: तक्रार

दिनांक: 10 मार्च 2025

प्रति,
मालक,
एडीयू डिझाइन व बांधकाम कंपनी,
सॅन्टा क्लारा काउंटी, कॅलिफोर्निया

विषय: 780 चौरस फुटांच्या एडीयूच्या (मूळ घराच्या अंगणात बांधायच्या दुसऱ्या लहान घराच्या) करारावर चढवलेल्या 64,400 डॉलरच्या चेंज ऑर्डर्स (करारानंतर वाढवलेली कामं आणि त्यांची रक्कम), काम सुरू होण्याआधी घेतलेले पैसे आणि रखडलेलं बांधकाम.

महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर इंग्रजी पत्र सर्टिफाइड मेलने गेलेलं आहे. हे वेगळं, खास तुमच्यासाठी. कारण सहीपर्यंतची सगळी बोलणी तुम्ही स्वतः आमच्या डायनिंग टेबलावर बसून, माझ्या आईसमोर, मराठीत केलीत. “काकू, चावी हातात पडेपर्यंत वर एक डॉलर लागणार नाही,” हे तुमचं वाक्य तिला तोंडपाठ आहे. ती अजूनही नातीच्या खोलीत झोपते, आणि मागच्या अंगणात ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे तक्ते) न लागलेला लाकडी सांगाडा उभा आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे उत्तरात तुम्हाला त्यावर वेळ घालवायला नको. बे एरियात बांधकाम महाग आहे याबद्दल माझी तक्रार नाही. एवढ्या पैशात गावाकडे काय काय झालं असतं हे ऐकवणारे नातेवाईक आम्हालाही आहेत. मी तो हिशोब करत नाही. इथली मजुरी, इथलं सामान, इथला भाव. 3,12,000 डॉलरचा आकडा आम्ही डोळे उघडे ठेवून मान्य केला होता. तक्रार आहे ती त्या आकड्यात काय काय मुद्दाम धरलं नव्हतं, याची.

तुमच्या फ्लायरवर ठळक छापलं होतं: “चौरस फुटाला फक्त 400 डॉलर.” लहान घराचा भाव चौरस फुटावर सांगणं हीच मुळात दिशाभूल आहे, आणि या धंद्यात असल्यामुळे तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. घर 500 फुटांचं असो की 1,000 चं, किचन एकच, बाथरूम एकच, हीट पंप एकच, आणि रस्त्यापर्यंतचा चर तेवढाच लांब. महाग असतं ते हेच सगळं. रिकामी जागा वाढवली की खर्च थोडा वाढतो आणि फुटाचा भाव मात्र कागदावर छान उतरतो. म्हणूनच आम्ही 740 फूट सांगितलेलं असताना तुमच्या सेल्समनने “थोडं ऐसपैस घ्या, भाव चांगला बसतोय” म्हणत 780 चा प्लॅन काढून आणला.

त्या चाळीस फुटांनी काय केलं ते पाहा. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून 750 चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूवर शहराला इम्पॅक्ट फी, म्हणजे पार्क-रस्त्यांसाठीची फी, लावता येत नाही. त्याच्या पुढे गेलं की मूळ घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लागते. आमचं घर 1,560 फुटांचं, त्यामुळे 780 म्हणजे बरोबर निम्मं, आणि आम्हाला एका पूर्ण घराच्या निम्मी फी बसली: 11,850 डॉलर. करारात ती “ओनरने भरायची” या एका ओळीत होती, आकड्याशिवाय. या राज्यात एडीयू बांधणारा कुठलाही माणूस 749 हा आकडा झोपेतही सांगेल. तुमच्या डिझायनरला तो माहीत नव्हता, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं लिहून द्या.

आता चेंज ऑर्डर्स. तिन्ही मोठ्या ऑर्डर्सवर कारण एकच छापलंय: “अनपेक्षित साइट कंडिशन.” माझा सगळा आक्षेप या शब्दांना आहे. यातलं काहीही अनपेक्षित नव्हतं. तुम्ही पाहिलं नाहीत, किंवा पाहून आकड्यात धरलं नाहीत.

पहिली ऑर्डर ड्रेनेजची, 18,600 डॉलर. एडीयूच्या बाथरूमपासून पुढच्या क्लीनआउटपर्यंत, म्हणजे ड्रेनेज लाइन साफ करायच्या झाकणबंद तोंडापर्यंत, 96 फूट आहेत. सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच उतार द्यावा लागतो. म्हणजे एवढ्या अंतरात 24 इंच. आमचं मागचं अंगण पुढच्यापेक्षा जवळजवळ फूटभर खाली आहे, ते कुंपणाच्या पायऱ्या पाहूनच कळतं. झाले 36 इंच, आणि पाइप स्लॅबच्या, म्हणजे जमिनीवरच्या काँक्रीटच्या थराच्या, खालून काढायचा ते वेगळंच. पुढे क्लीनआउटपाशी आमची जुनी लाइन 30 इंचांवर आहे. पाणी उताराने जाणं शक्यच नव्हतं. खड्डा आणि सांडपाणी वर ढकलणारा इजेक्टर पंप लागणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं. ही बेरीज करायला इंजिनिअर लागत नाही. झाकण उघडून आत टेप सोडावी लागते, बस्स. तुमच्या माणसाने लेझरने भिंती मोजल्या, ड्रोन उडवला, आईच्या हातचा चहा घेतला, आणि त्या झाकणावर पाय ठेवून गेला. ते झाकण पहिल्यांदा उघडलं गेलं ते चर खणून झाल्यावर.

शिवाय पंप म्हणजे नुसता एकदाचा खर्च नाही. तो विजेवर चालतो. आमच्या भागात वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि ती जाईल तेव्हा त्या बाथरूमवर अवलंबून असणारी बाई 74 वर्षांची आहे. पंप लागणार हे आधी कळलं असतं तर घर गॅरेजच्या बाजूला सरकवता आलं असतं, जिथे जमीन उंच आहे आणि अंतर निम्मं. तो पर्याय आम्हाला कोणी दिलाच नाही.

दुसरी, 14,900 डॉलरची, इलेक्ट्रिक पॅनेल 100 वरून 200 अँपिअरचं करण्याची आणि तिथून मागेपर्यंत केबल नेण्याची. घर 1962 चं आहे. मुख्य ब्रेकरच्या दांडीवर 100 हा आकडा कोरलेला आहे, आणि त्याचा फोटो तुमच्याच सेल्समनने काढून तुमच्याच प्रस्तावाच्या चौथ्या पानावर छापलाय. त्याची प्रत सोबत जोडली आहे, आकड्याभोवती लाल गोल करून. सगळं विजेवर चालणारं दुसरं घर या पॅनेलवर चालणार नाही हे प्रस्ताव लिहिणाऱ्याला दिसत होतं. तरी पान पाचवर “विद्यमान पॅनेलला जोडणी” असं लिहून मोकळे झालात.

तिसरी सर्वांत मोठी, पायाची: 27,400 डॉलर. करारात साधा स्लॅब होता. सॉइल रिपोर्ट आल्यावर पियर आणि ग्रेड बीम (खोल खांब आणि त्यांना जोडणाऱ्या तुळया) झालं, कारण माती फुगणारी निघाली. “निघाली” हे तुमचं क्रियापद. तुम्ही स्वतःला मराठवाड्यातले म्हणवता. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती तुम्हाला मी काय सांगू? साऊथ बेमधल्या कितीतरी अंगणांत अशीच चिकण माती आहे. तुमचा माणूस आला तेव्हा सप्टेंबर होता, लॉन वाळलेलं होतं, आणि मागच्या लिंबाच्या झाडापाशी बोट आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सॉइल रिपोर्ट करारानंतर करवून घ्यायचा आणि त्याआधीच पायाची किंमत पक्की म्हणून सांगायची, हा क्रमच चुकीचा आहे. की क्रम बरोबर आहे, आणि तसाच ठेवायचा असतो? आमच्या ओळखीतल्या दोन घरांना दुसऱ्या कंपन्यांनी आधी रिपोर्ट करायला लावून मगच भाव दिला. त्यांचा भाव तुमच्यापेक्षा जास्त होता, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो. आज बेरीज केली तर ते स्वस्त पडले असते.

राहता राहिली चौथी, 3,500 डॉलरची, “परमिट एक्स्पिडायटिंग,” म्हणजे परवानगी लवकर मिळवण्याची. पूर्ण अर्ज हातात आल्यापासून 60 दिवसांत शहराने एडीयूचा निर्णय द्यावा असा राज्याचाच कायदा आहे. उशीर झाला तो शहराकडून नव्हे. शहराने पाठवलेलं करेक्शन्सचं पत्र मी काउंटरवरून स्वतः मिळवलं. त्यात सॉइल रिपोर्ट आणि स्ट्रक्चरल कॅलक्युलेशन्स मागितली होती, आणि ती तुमच्याकडून वेळेवर गेली नाहीत. तुमच्याच दिरंगाईला वेग देण्याचे पैसे मी का द्यायचे?

सगळं मिळून 64,400. त्यात ती पार्क-रस्त्यांची फी धरली तर 76,250. मूळ रकमेत मिळवा: 3,88,250. तुमच्याच आवडत्या मापात चौरस फुटाला जवळजवळ 498 डॉलर, आणि घर अजून पुरं व्हायचंय.

आता कायद्याचं, कारण हे मी राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्डाच्या साइटवर बसून वाचलंय. या राज्यात होम इम्प्रूव्हमेंटच्या करारात डाउन पेमेंट 1,000 डॉलर किंवा एकूण रकमेच्या 10 टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढंच घेता येतं. ते तुम्ही पाळलंत, 1,000 घेतलेत. पण त्यानंतर लगेच “मोबिलायझेशन” (कामाची जुळवाजुळव) या नावाखाली 46,800 डॉलर, म्हणजे कराराच्या बरोबर 15 टक्के, घेतलेत. तेव्हा आमच्या अंगणात एक कुदळही पडलेली नव्हती. डाउन पेमेंटनंतरचा कुठलाही हप्ता झालेल्या कामाच्या किंवा आलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. दुसरं नाव दिलं म्हणून आगाऊ रक्कम आगाऊ राहत नाही असं थोडंच आहे?

चेंज ऑर्डरही काम सुरू होण्याआधी लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सहीची असावी लागते. ड्रेनेजची ऑर्डर मला ईमेलने आली त्या दिवशी चर आधीच खणलेला होता. तारीख-वेळेसह फोटो आहे. फोनवर मला सांगण्यात आलं, “ताई, सही केली नाहीत तर पोरं उद्यापासून दुसऱ्या साइटवर जातील.” मागच्या दाराबाहेर तीन फुटी चर उघडा, आणि घरात म्हातारी आई. त्या परिस्थितीत घेतलेल्या सहीला तुम्ही संमती म्हणत असाल, तर बोर्डाच्या चौकशीतही तेच म्हणा.

जाता जाता ग्रँटचंही. जानेवारी 2024 मध्ये सहीच्या वेळी तुम्ही आईला सांगितलंत की राज्य सरकारचे 40,000 डॉलर मिळतीलच, “ते धरून चला.” कॅलहॅफाचा, म्हणजे राज्याच्या गृहवित्त संस्थेचा, तो कार्यक्रम होता हे खरं, पण त्याचा निधी 2023 संपता संपताच वाटून संपला होता, आणि उत्पन्नाची अट होती ती वेगळीच. ही माहिती कार्यक्रमाच्या पहिल्या पानावर होती. जे पैसे अस्तित्वातच नव्हते ते धरून आम्ही कर्जाचा आकडा ठरवला, आणि आता तो कमी पडतोय.

गेल्या महिन्यात काँक्रीट पुरवणाऱ्याची प्रिलिमिनरी नोटीस (पैसे थकले तर घरावर हक्क सांगता येईल, अशी आगाऊ सूचना) सर्टिफाइड मेलने आली. तो नेहमीचा कागद असतो हे मला कळतं. आईला कळलं नाही, तिला वाटलं घरावर जप्ती येते आहे. पण तुम्ही त्याचे पैसे दिले नाहीत तर आमच्या घरावर तो लीन, म्हणजे थकबाकीपोटी कायदेशीर बोजा, टाकू शकतो, ही तिची भीती अगदीच अनाठायी नाही. पायाचे पूर्ण पैसे आम्ही तुम्हाला देऊन झालेत.

माझ्या मागण्या अशा. ड्रेनेज, पॅनेल आणि परमिट या तीन ऑर्डर्सचे मिळून 37,000 डॉलर परत करावेत किंवा पुढच्या हप्त्यातून पूर्ण वळते करावेत. पायाच्या ऑर्डरबद्दल मी चर्चा करायला तयार आहे, कारण तो पाया आम्हाला कसाही लागलाच असता. पण 27,400 चा तपशील, म्हणजे पियरची संख्या, स्टील, काँक्रीटचे घनयार्ड, मजुरी, आणि करारातल्या साध्या स्लॅबचे वजा केलेले पैसे, लेखी हवा. आजच्या ऑर्डरवर स्लॅबची वजावट शून्य आहे. स्लॅब झालाच नाही, तर त्याचे पैसे कुठे गेले? काँक्रीटवाला, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन, तिघांचेही अनकंडिशनल लीन रिलीज (पैसे मिळाले, घरावर आता हक्क नाही, असं लेखी) हवेत, नुसतं तोंडी “दिलेत त्यांचे” नको. 46,800 कशावर खर्च झाले याच्या पावत्या. आणि उरलेल्या कामाचं तारीखवार वेळापत्रक, तुमच्या सहीचं.

हे सगळं 31 मार्चपर्यंत न मिळाल्यास पुढचा एकही हप्ता मिळणार नाही, आणि 1 एप्रिलला तक्रार लायसन्स बोर्डाकडे व तुमच्या 25,000 डॉलरच्या बाँडच्या (कॉन्ट्रॅक्टरच्या हमीच्या) कंपनीकडे जाईल. दोन्ही फॉर्म भरून तयार आहेत. फोन करू नयेत. जे काही असेल ते लेखी. सेल्समनला घरी पाठवू नये, आई त्याला आत घेणार नाही.

तेवढं उघड्या चरावर प्लायवूड टाकायला मात्र माणूस आजच पाठवा. पाऊस गुरुवारी सांगितलाय.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: करार, चारही चेंज ऑर्डर्स, प्रस्तावाचं चौथं व पाचवं पान, चराचे फोटो, शहराचं करेक्शन्सचं पत्र, काँक्रीटवाल्याची नोटीस.