कोकणातल्या चित्रकार-चित्रपटकारांसाठी सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : चित्रकला आणि चित्रपट या दोन्ही माध्यमांत काम करणाऱ्या कलावंतांना अर्थसाहाय्य व त्यांच्या कामाचे जतन

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात जातात, काही मुंबईला जे. जे.पर्यंत पोचतात, आणि अलीकडे त्यांच्यातले काही जण हातातला ब्रश खाली न ठेवता कॅमेराही उचलू लागले आहेत. हे पत्र या मुलामुलींविषयी आहे. चित्र काढणे आणि चित्रपट करणे हे त्यांच्या लेखी एकच काम आहे. शासनाच्या लेखी मात्र त्यातले एक उच्च व तंत्र शिक्षण विभागाखालच्या कला संचालनालयाचे आणि दुसरे आपल्या विभागाखालच्या चित्रनगरीचे. दोन्ही ठिकाणी त्यांचे काम बसत नाही आणि उमेदीची वर्षे हातची जातात.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे काम आपल्यासमोर ठेवतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे अनेकांनी मिळून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जाते त्याचे चित्रीकरण तिने केले आणि त्याच माणसांची कोळशाने काढलेली रेखाटने एकामागून एक कॅमेऱ्याखाली धरून ती त्या चित्रीकरणात गुंफली. त्यात एक जागा अशी आहे की कोळशाने काढलेला दोर सरकत सरकत कागदाच्या कडेला येऊन संपतो आणि नेमका तिथूनच खरा, ओला, वाळूने माखलेला दोर सुरू होतो; तो दोर धरणाऱ्या तळव्यांवरचे घट्टे मग पडदाभर दिसतात. तिने हे काम उसन्या कॅमेऱ्यावर केले, पावसाळ्याच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी चढू नये म्हणून तो कॅमेरा तांदळाच्या डब्यात जपून ठेवला, आणि संकलन मैत्रिणीच्या संगणकावर रात्री बसून पुरे केले.

हे काम घेऊन ती साहाय्य मागायला गेली तेव्हा एका कार्यालयात तिला सेन्सॉर प्रमाणपत्र मागण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणच्या अर्जात कलाकृतीची फ्रेमसह उंची व रुंदी लिहायची होती. दोन्ही ठिकाणची माणसे तिच्याशी नीट बोलली, हे मी मुद्दाम सांगतो. अडचण माणसांची नव्हती. तिच्या कामासाठी नियमांत जागाच नव्हती. आज ती लग्नसमारंभांचे चित्रीकरण करते. ते कष्टाचे आणि मानाचे काम आहे, पण तिच्या रेखाटनांची वही गेल्या पावसाळ्यापासून पुढे सरकलेली नाही, आणि तिचा शिक्षक या नात्याने मला ते पाहवत नाही.

महाराष्ट्रात चित्रपट जन्माला आला तोच चित्रकारांच्या हातून, हे आपल्याला मी सांगायला नको. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रण आणि शिळाछपाई करत करत १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोचले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘सैरंध्री’ चित्रपटाकडे वळले. त्या काळी एकाच माणसाने दोन्ही करावे यात कुणालाही विशेष वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतरही काही काळ शासनाला हे उमगलेले होते. केंद्र सरकारच्या मुंबईतल्या फिल्म्स डिव्हिजन या संस्थेने चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना राजस्थानात जाऊन आपल्या नजरेने चित्रपट करण्याची मोकळीक दिली आणि त्या लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाले. चित्रकार तय्यब मेहता यांनी याच संस्थेसाठी १९७० मध्ये ‘कूडल’ हा लघुपट केला. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये त्यांना मिळालेल्या जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीचे पैसे स्वतःपुरते न ठेवता मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभे केले, जिथे चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार एकाच जागी, एकच सामग्री वापरून काम करत असत. तिथल्या सर्वांत तरुण कलावंत होत्या नलिनी मलानी, ज्यांनी त्याच वर्षी जे. जे.चा अभ्यासक्रम पुरा केला होता.

मलानी यांची कारकीर्द मी माझ्या वर्गात नेहमी सांगतो. १९४६ मध्ये कराचीत जन्म, फाळणीनंतर भारतात आलेले कुटुंब, मुंबईतले शिक्षण, आणि तेविसाव्या वर्षी त्या कार्यशाळेत छोट्या घरांच्या प्रतिकृतींवर रंगीत प्रकाश टाकून केलेला ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट. पुढे १९७६ मध्ये त्यांनी त्याच्या शेजारी एक कृष्णधवल चित्रफीत ठेवली, ज्यात एक तरुण स्त्री मुंबईच्या वस्तीकडे पाहत उभी आहे. एका पडद्यावर घरांचे स्वप्न आणि दुसऱ्यावर त्या स्वप्नाचे काय झाले ते. त्या रंगवत राहिल्या आणि चित्रे हलवतही राहिल्या: पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर सआदत हसन मंटो यांच्या कथेवरून केलेली व्हिडिओ-मांडणी, पारदर्शक दंडगोलांवर उलट्या बाजूने रंगवून ते फिरवत ठेवलेल्या आकृतींच्या भिंतभर पसरणाऱ्या सावल्या, आणि आता वयाच्या सत्तरीनंतर टॅब्लेटवर बोटाने काढलेली चलचित्रे. २०१२ मध्ये जर्मनीतील कासेलच्या दोकुमेंता प्रदर्शनात, २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात, २०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांचे काम लागले आणि त्याच वर्षी जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. चित्रकार की चित्रपटकार, असा प्रश्न त्यांना यांपैकी कुठेही अडवत नव्हता.

त्या सावल्यांविषयी एक गोष्ट इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातील घराणी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या, पोथ्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान् पिढ्या सांभाळत आली आहेत; त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दिव्यापुढे धरलेली रंगवलेली, छिद्रे पाडलेली बाहुली, पांढऱ्या कापडावर हलणारी तिची सावली आणि सोबत गाऊन सांगितलेली रामायणातली कथा: रंगवणारा, हलवणारा आणि सांगणारा हे तिघे इथे वेगळे नव्हतेच. मलानी यांनी हे पिंगुळीवरून घेतले असे मी म्हणत नाही, पण त्यांच्या मांडणीची छायाचित्रे मी वर्गात दाखवतो तेव्हा आमच्या मुलांना ती परकी वाटत नाहीत.

याच काळातली दुसरी हकिगत दुःखाची आहे आणि आपल्या विभागाने तिची नोंद घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. पदमसी यांनी त्या कार्यशाळेच्या दिवसांत ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाचा लघुपट केला. त्याची एकच प्रत होती आणि ती हरवली. तय्यब मेहतांचा ‘कूडल’ मात्र आजही पाहता येतो, कारण तो शासकीय संस्थेच्या संग्रहात राहिला. दोघेही थोर, दोघेही एकाच शहरातले. एकाच्या कामाला सांभाळणारे कोणी होते आणि दुसऱ्याच्या नव्हते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडाले तेव्हा घराघरांतले संगणक आणि छायाचित्रांचे गठ्ठे चिखलात गेले. किनारपट्टीवर वादळ, पूर आणि बाराही महिन्यांचा दमटपणा यांत एका हार्ड डिस्कवर ठेवलेले काम किती टिकणार?

आता मागणीकडे येतो. मराठी चित्रपटांना शासन जे अर्थसाहाय्य देते ते सेन्सॉर झालेल्या, चित्रगृहात लागणाऱ्या चित्रपटांसाठी आखलेले आहे आणि ते तसेच चालू राहावे. आपण आणि उच्च व तंत्र शिक्षण मंत्री यांनी मिळून त्याच्या जोडीला एक लहान योजना सुरू करावी, जिच्यात लांबीची अट नसेल, सेन्सॉर प्रमाणपत्र ही प्रवेशाची अट नसेल, आणि अर्जदाराकडून त्याची रेखाटने, आधीचे काही काम आणि पुढच्या कामाचा मराठीत लिहिलेला आराखडा एवढेच मागितले जाईल. निवड समितीत चित्रकार आणि चित्रपटकार दोघेही असावेत. रक्कम काम पूर्ण झाल्यावर परतफेडीच्या रूपाने नव्हे, तर काम चालू असताना हप्त्याहप्त्याने मिळावी, कारण आधी पैसे घालण्याची ऐपत असलेल्यालाच परतफेडीचा उपयोग होतो; रापणीवर मजुरीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला होत नाही. अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी स्वीकारले जावेत. रत्नागिरी किंवा ओरोसहून मंत्रालयात एक कागद पोचवायचा म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे जाते.

या योजनेतून झालेल्या प्रत्येक कामाची उच्च दर्जाची प्रत, मूळ रेखाटनांच्या छायाचित्रांसह, शासनाने स्वतःकडे जतन करावी. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्या जाणकारांचे मार्गदर्शन राज्याला सहज मिळू शकेल.

प्रदर्शनासाठी नव्या इमारतीची गरज नाही. चिपळूण, रत्नागिरी, मालवण या गावांत नाट्यगृहे आहेत. त्यांतली एखादी खोली काळोखी करून तिथे एक चांगला प्रोजेक्टर बसवला तरी सुरुवात होईल. केरळ शासनाच्या पाठबळावर २०१२ मध्ये कोचीत सुरू झालेले द्वैवार्षिक कलाप्रदर्शन मसाल्याच्या जुन्या वखारींत भरले, आणि आज जगभरचे लोक तिथे येतात. तोही आपल्यासारखाच पावसाचा, मासळीचा आणि परगावी गेलेल्या माणसांचा किनारा आहे.

अशा कामाला प्रेक्षक किती, असे आपल्याला विचारले जाईल. नलिनी मलानी यांच्या कन्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले. त्या चित्रपटातली पार्वती मुंबईतले घर सुटल्यावर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध याच किनाऱ्यावर घडतो. फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांच्या सहनिर्मितीतून तो पूर्ण झाला. कोकणातल्या एका बाईचे गावी परतणे जगाला पाहावेसे वाटते, आणि त्यासाठी परदेशातल्या संस्था पैसे उभे करतात; मग याच किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलीने स्वतः काढलेले, स्वतः चित्रित केलेले काम आपल्या शासनाने पाहावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

येत्या अर्थसंकल्पापूर्वी दोन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांची एक बैठक कोकणात, शक्य झाल्यास कुडाळ किंवा चिपळूण येथे घ्यावी, अशी विनंती करतो. त्या बैठकीत मी आणि माझे कलाशिक्षक सहकारी आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचे काम दाखवू. पडदा आणि प्रोजेक्टर आम्ही आणू. योजनेच्या मसुद्यासाठी आमची मदत लागली तर तीही आनंदाने करू.

कळावे,

आपला नम्र,
एक कलाशिक्षक, जि. सिंधुदुर्ग

प्रत : मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य