मार, मारकन्या आणि जमिनीला टेकलेली बोटे

महोदय,

गेल्या आठवड्यात आम्ही नाशिकहून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले होते. लेणे क्रमांक १ मध्ये, गर्भगृहाच्या अंतराळाच्या (समोरच्या छोट्या दालनाच्या) डाव्या भिंतीवर मारविजयाचे चित्र आहे : ध्यानाला बसलेल्या बुद्धांना ढळवायला आलेल्या मारावर, म्हणजे मोहात पाडणाऱ्या शक्तीवर, त्यांनी मिळवलेला विजय. ते दाखवताना शेजारच्या गटातले एक गृहस्थ म्हणाले, "बाईच्या मोहातून बुद्ध कसे सुटले, ते चित्र." मुलांनी तेच वहीत उतरवले. मला फार वाईट वाटले.

चित्र नीट पाहिले तर तिथे फक्त सुंदर स्त्रिया नाहीत. विक्राळ तोंडांचे, शस्त्रे उगारलेले सैन्यही आहे. म्हणजे भय आणि भुरळ, दोन्ही एकाच चौकटीत. पाली परंपरेत मारकन्यांची, म्हणजे भुरळ घालायला आलेल्या माराच्या मुलींची, नावे तण्हा, अरती आणि रागा अशी येतात : तृष्णा, असमाधान आणि आसक्ती. यातली अरती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साधना करताना येणारा कंटाळा, 'हे सगळे कशाला' ही भावना कोणा स्त्रीची नसते, आपलीच असते.

आणि मधोमध बुद्ध. ते कोणाला हाकलत नाहीत, शाप देत नाहीत. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकवून पृथ्वीला साक्षी बोलावतात, एवढेच. मुलांना मी ती बोटे दाखवत राहिलो.

सातवी-आठवीच्या मुलांना हे सहज कळते. आपल्या पांडवलेण्यांना नेतानाही शिक्षकांनी आधी मुलांना पाच मिनिटे गप्प बसून मूर्ती पाहू द्यावी, अर्थ नंतर सांगावा.

– एक चित्रकला शिक्षक, पंचवटी, नाशिक