ड्युसेलडॉर्फच्या ताईंना, कोल्हापूरहून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माल पुरवू शकेल अशा कोणाकडूनही भेटवस्तू घ्यायची नाही, असा तुमच्या कंपनीच्या खरेदी विभागाचा नियम आहे. त्यामुळे जून २०२३ मध्ये ड्युसेलडॉर्फहून निघताना मी पुढे केलेली कांदा-लसूण चटणीची बरणी तुम्ही हसून परत केलीत आणि म्हणालात, "आभार मानायचेच असतील तर पुढच्या खेपेला येणाऱ्यांसाठी हे सगळं लिहून काढा." ते लिहायला फार उशीर झाला, याची आधी क्षमा मागतो. तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचे किंवा तुमच्या कंपनीचे नाव या पत्रात कुठेही घेतलेले नाही.

ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी भरणाऱ्या, फाऊंड्री उद्योगाच्या गीफा प्रदर्शनाबद्दल मी वडिलांकडून लहानपणापासून ऐकत आलो होतो. धातू ओतून यंत्रांचे भाग बनवणाऱ्या शिरोलीतल्या आमच्या फाऊंड्रीला युरोपात गिऱ्हाईक मिळावे म्हणून मी शंभर रंगीत कॅटलॉग बॅगेत भरून निघालो. प्रदर्शनाच्या दिवसांत शहरातली हॉटेले परवडण्यासारखी नसल्याने शेजारच्या डुइसबुर्गमध्ये उतरलो आणि रोज सकाळी यू-७९ ट्रामने ये-जा करू लागलो. पहिल्या दोन दिवसांत मी किती स्टॉलवर उभा राहिलो याचा हिशेब नाही. प्रत्येक ठिकाणी माझे आदराने स्वागत होई, कॉफी मिळे आणि दहा मिनिटांनी समोरचा माणूस मलाच इंडक्शन भट्टी, सँड मिक्सर किंवा कोअर शूटर विकायला लागे. चरक विकणाऱ्याच्या दुकानात गूळ घेऊन गेल्यासारखी माझी अवस्था झाली होती. गीफा हा फाऊंड्रीला लागणाऱ्या यंत्रांचा आणि साहित्याचा बाजार आहे आणि तयार कास्टिंगसाठी, म्हणजे ओतीव भागांसाठी, त्याच आवारात त्याच दिवसांत न्यूकास्ट नावाचे वेगळे प्रदर्शन भरते, ही साधी गोष्ट मला तुम्ही सांगेपर्यंत ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉफीच्या उंच टेबलापाशी मी दमून उभा होतो. तिथे पडलेला माझा कॅटलॉग तुम्ही उचललात, पत्त्यातले 'शिरोली' वाचलेत आणि ओळखपाळख होण्याआधीच शुद्ध मराठीत विचारलेत, "यात तुमच्या मोल्ड बॉक्सची मापं कुठं आहेत?" वाळूचा साचा ज्या चौकटीत भरतात तिची ती मापं कॅटलॉगमध्ये नव्हती. आजोबांचा फोटो होता, नव्या शेडचा फोटो होता, गुणवत्तेविषयी तीन परिच्छेद होते. खरेदी करणाऱ्याला लागणारे मात्र त्यात काहीच नव्हते.

त्यानंतरचा दीड तास तुम्ही मला का दिलात, हे मला अजून नीट उमगलेले नाही. माझे कास्टिंग तुमच्या विभागात येत नव्हते, म्हणजे तुमचा त्यात काही फायदा नव्हता. तुम्ही कॅटलॉगच्या कोऱ्या मलपृष्ठावर एकच पान मांडून दाखवलेत: किती किलोपासून किती किलोपर्यंत ओततो, बॉक्सचे माप, भट्टीची क्षमता, कोणत्या चाचण्या स्वतःच्या आवारात होतात, नमुना किती आठवड्यांत मिळेल. बिडाच्या ज्या प्रतीला आम्ही 'एफजी २६०' म्हणतो ती तिथल्या माणसाला सांगताना त्याला जवळचे असलेले 'ईएन-जीजेएल-२५०' म्हणायचे आणि समोर जुना इंजिनीअर असेल तर त्याचे जुने नाव 'जीजी-२५' म्हटले की त्याचा चेहरा खुलतो, हेही तुम्हीच सांगितलेत. त्या रात्री डुइसबुर्गच्या हॉटेलात बसून मी ते पान टाइप केले, सकाळी त्याच्या वीस प्रती काढल्या आणि उरलेले कॅटलॉग खोलीतच ठेवले.

तिसऱ्या दिवशी तुम्ही व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीतल्या तुमच्या परिचितांशी माझी गाठ घालून दिलीत. त्यांनी पुढे ठेवलेल्या ड्रॉइंगमधला नग ९० किलोच्या पुढचा होता. आमच्याकडे ६० किलोच्या वर नीट ओतता येत नाही. तरी माझ्या तोंडून सवयीने 'करू की, बघू काहीतरी' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य निघणार, एवढ्यात तुम्ही हळूच मराठीत म्हणालात, "जमत नसेल तर आत्ताच सांगा." मी नाही म्हणालो. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते, आणि ते गृहस्थ आता उठतील असे मला वाटले. त्यांनी शांतपणे ते ड्रॉइंग मिटले आणि पिशवीतून १४ किलोच्या बोनेटचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाचे, दुसरे ड्रॉइंग काढले. माझ्या व्यवसायातल्या अठरा वर्षांत इतक्या कमी शब्दांत इतके कोणी शिकवलेले नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही आम्हा सर्वांना आल्टश्टाटमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका ब्रुअरीत नेलेत. बिअरच्या पेल्याखालची चकती पेल्यावर झाकून ठेवली नाही, तर तिथला वाढपी न विचारता पुढचा पेला आणून ठेवतो. मी बिअर पीत नसल्याने ही माहिती मला काही कामाची नव्हती, पण ती सांगता सांगता तुम्ही मला लांब बाकावर अनोळखी माणसांच्या मधोमध बसवलेत. दिवसभरात जे बोलणे झाले नव्हते ते तिथे सफरचंदाच्या रसावर झाले. त्यातल्या दोघांशी आजही पत्रव्यवहार आहे.

निघताना तुम्ही आणखी एक बजावलेत: जमवलेल्या चाळीस कार्डांपैकी ज्यांच्याशी खरे बोलणे झाले अशा तिघांनाच लिहा, दोन दिवसांच्या आत लिहा, प्रत्येकाला त्याच्या ड्रॉइंगविषयी एक नेमका प्रश्न विचारा, आणि कृपा करून कोणालाही फुलांची सुप्रभात पाठवू नका. शेवटच्या सूचनेला मी त्या वेळी हसलो खरा. आमच्या उद्योजकांच्या ग्रुपवर नजर टाकल्यावर ती किती गरजेची होती ते कळले.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहितो. बोनेटचे पहिले नमुने नापास झाले. कोअर, म्हणजे साच्यात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, सरकल्याने एका बाजूची जाडी कमी भरली होती. आम्ही ते लपवले नाही, मोजमापांच्या तक्त्यासह कळवले. दुसरे नमुने मान्य झाले. भेटीनंतर चौदा महिन्यांनी पहिली ऑर्डर आली, तीही लहानच. आता दर तिमाहीला थोडा माल न्हावा शेव्याहून जातो आणि तो वेळेवर जावा यासाठी वडील अजूनही डिस्पॅचच्या दिवशी स्वतः येऊन खुर्ची टाकून बसतात.

२०२७ च्या प्रदर्शनाला शिरोलीतून आणखी दोन फाऊंड्रीवाले निघाले आहेत. तुमच्या हस्ताक्षरातल्या त्या मलपृष्ठाची झेरॉक्स मी त्यांना दिली आहे. मूळ कागद आमच्या पॅटर्न शॉपच्या, म्हणजे साच्यासाठीचे नमुने बनवण्याच्या खोलीच्या, भिंतीवर आहे. गावी याल तेव्हा फाऊंड्रीत जरूर यावे. चटणीची बरणी या वेळी घरच्यांच्या हातून, तुमच्या आईंकडे पोहोचवतो. त्यांना तुमच्या कंपनीचा नियम लागू नसावा.

आपला कृतज्ञ,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फाऊंड्रीचालक