माळेगावला निघालेल्या लेकीस

चि. मयूरीस,
अनेक आशीर्वाद.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, तिथल्या जनावरांच्या बाजारात पोर्ट्रेट काढायला निघालीस, तर कॅमेऱ्याचं सगळं माणूस समोर बसायच्या आधी उरकून घे. तू बटणं चाळत बसलीस की समोरचे मामा आखडतात, हात गुडघ्यांना चिकटतात. मग "हसा" म्हटलं की नुसते दात दिसतात.

जागा पालाच्या दारात घे. ऊन जिथं थांबतं तिथून हातभर आत बसव, तोंड बाहेर. भरउन्हात फेट्याची सावली थेट डोळ्यांवर येते. इथं मांडीवरचं पांढरं धोतरच खालून उजेड देतं. निळ्या ताडपत्रीचं पाल टाळ. वरून निळा, समोरून पांढरा असा दुहेरी उजेड व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे रंग जुळवायच्या सेटिंगनं, सुटत नाही. चेहरा सुधारावा तर खांदे निळेच राहतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवरही नको, कपाळावरचा भंडारा दर फोटोत वेगळा पिवळा येतो.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, मॅन्युअल ठेव. एवढं पांढरं बघून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो नि चेहरा काळवंडतो. त्याच उजेडात आपला तळहात धर, फक्त तेवढाच भाग मोजणाऱ्या स्पॉट मीटरनं मोज, एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढव. शटर १/२०० सेकंद, बोलताना मान हलतेच. ८५ एमएमची लेन्स एफ/१.८ वर सताड उघडायचा मोह आवर. पाच फुटांवरून फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, पुढंमागं मिळून जेमतेम साडेतीन सेंटिमीटर शार्प मिळतं. चेहरा जरा वळला की पलीकडचा डोळा गेला. लेन्स एफ/४ इतकी मिटली की ते दुपटीहून जास्त होतं. फोकस जवळच्या डोळ्यावर.

मग खाली बस, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि कॅमेरा छातीशी धरून बोल. "मामा, सौदा कितीवर अडलाय?" एवढं विचारलंस तरी पुरे, भाव सांगताना हात आपोआप सुटतात. पहिले चार-पाच फोटो वाया गेलेलेच समज. ते बोलत असताना बटण दाबलंस तर ओठ अर्धवट येतात. उत्तर संपून माणूस स्वतःशीच थांबतो, तेव्हा दाब. मावशींचा पदर तू सरकवू नकोस, "जरा मागं घेता का?" विचार. नाही म्हणाल्या तर तसाच काढ, बहुतेकदा तोच बरा येतो.

फोटो दाखवताना स्क्रीनचा ब्राइटनेस वाढव, उन्हात काही दिसत नाही. आणि चार बाय सहाची प्रिंट कुठं पोचवायची ते गाव तिथंच लिहून घे. पालं उठली की कुणाचा पत्ता लागत नाही.

तुझे,
बाबा