बाथरूममधल्या व्हॉल्व्हची गळती

सदाशिव पेठ, पुणे

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर म्हणालीस की बाथरूममधला व्हॉल्व्ह ठिबकतो आहे आणि त्याखाली ठेवलेले २०० मिलिलिटरचे भांडे ४० मिनिटांत भरते. हिशेब केलास तर दिवसाला सात लिटर आणि महिन्याला दोनशे लिटरांहून अधिक पाणी त्या एका थेंबाथेंबाने जाते. प्लंबर रविवारशिवाय येणार नाही. फोनवर ‘तो नट, मग हा नट’ असे सांगण्यापेक्षा लिहून कळवलेले बरे, म्हणजे व्हॉल्व्हसमोर उभी राहशील तेव्हा कागद तुझ्याजवळ असेल.

पान्याला हात लावण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते ते पाहा. थेंब खालच्या टोकाशी लोंबतो म्हणून गळती तिथेच आहे असे समजू नकोस. पाणी वरून पाझरते आणि धातूच्या कडेने ओघळत खाली येते. सगळा व्हॉल्व्ह फडक्याने कोरडा कर आणि वर्तमानपत्राच्या अरुंद पट्ट्या करून एक चाकाच्या खाली दांड्याभोवती आणि दोन पाइपच्या जोडांपाशी गुंडाळ. जी पट्टी सर्वांत आधी काळपट पडेल, तिथे दोष आहे. माझा अंदाज दांड्याचा आहे, कारण ठिबकणे टाकी धुण्यासाठी तू व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडलास त्यानंतरच सुरू झाले. चाक ज्या दांड्यावर बसते त्याला स्पिंडल म्हणतात आणि त्याच्या मुळाशी जो लहान षटकोनी नट दिसतो तो ग्लँड नट. त्या नटाखाली दोऱ्याचे पॅकिंग दाबून भरलेले असते. वर्षानुवर्षे चाक फिरले नाही की ते पॅकिंग वाळून आकसते आणि मग अचानक फिरवले की त्यातून पाणी वाट काढते. बोअरचे पाणी मिसळत असेल तर दांड्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो पॅकिंगला कानशीसारखा घासतो.

दोष तिथेच निघाला तर एका पान्याने व्हॉल्व्हचे अंग घट्ट धर आणि दुसऱ्याने ग्लँड नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेऱ्याचा आठवा भाग फिरव. एवढेच. दहा मिनिटे थांब, नवी पट्टी लावून पाहा, आणि ओल दिसली तरच तेवढेच पुन्हा फिरव. अंग धरल्याशिवाय मात्र कधीही जोर लावू नकोस. तू तेव्हा दुसरीत होतीस. मी अडकलेल्या व्हॉल्व्हवर एकाच पान्याने सगळे अंग टाकले, भिंतीच्या आतला जोड पिळवटला आणि वरची टाकी रिकामी होईपर्यंत तुझी आई आणि मी बादल्या उपसत होतो. त्या रात्री खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला जो डाग पडला, त्याची मला आजही टोचणी आहे.

नट आवळूनही पाझर थांबला नाही तर पॅकिंग बदलावे लागेल आणि त्यासाठी गच्चीवर जाऊन तुमच्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद असले तरी हे चुकवू नकोस. पुरवठा थांबला तरी टाकीत पाणी असतेच, आणि टाकी तुझ्या व्हॉल्व्हपासून १० मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब तसाच राहतो. वरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ सोडून ठेव आणि धार पूर्ण थांबल्यावरच नट उघड. जुना दोरा सुईने हलकेच काढ. इमारत जुनी असल्याने तो अॅस्बेस्टॉसचा असू शकतो, म्हणून तो ओलाच ठेव, खरवडून धूळ उडवू नकोस आणि काढल्यावर पिशवीत बांधून टाक. रविवार पेठेत बोहरी आळीत टेफ्लॉनचा दोरा मिळतो. तो नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने दांड्याभोवती दोन-तीन वेढे घाल, उलटा घातलास तर नट आवळताना उसवतो.

पट्टी पाइपच्या जोडापाशी भिजली, किंवा चाक पूर्ण बंद करूनही नळ वाहत राहिला, तर तू हात घालू नकोस. त्यासाठी प्लंबरच हवा. त्याला या जुन्या, चाकाने फिरणाऱ्या गेट व्हॉल्व्हच्या जागी पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवायला सांग. तो पाव फेऱ्यात बंद होतो आणि घाईच्या वेळी हातही पटकन बसतो. तोवर हा गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवू नकोस, आतली चकती थरथरून झिजते.

तुझ्या आजीने १९६१ साली पानशेत धरण फुटल्यानंतरचे पाणीटंचाईचे दिवस काढले होते. त्यामुळे नळ ठिबकू लागला की ती रात्री उठून त्याखाली भांडे ठेवत असे आणि सकाळी तेच पाणी तुळशीला घालत असे. तूही भांडे ठेवलेस हे ऐकून मला फार बरे वाटले.

माझे दोन पाने शनिवारी भाऊबरोबर पाठवतो. नट किती फिरवावा लागला आणि कोणती पट्टी आधी भिजली, ते मला कळव.

तुझे,
बाबा