नानांच्या कानांसाठी साधे की प्रो?

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र इअरबड्सविषयी आहे. साधे घ्यावेत की महागडे 'प्रो', एवढ्याशा प्रश्नासाठी कोणी पानेच्या पाने लिहीत नाही हे मला कळते. परंतु आवाजाच्या बाबतीत माझ्याशी इतकी वर्षे भांडलेला आणि त्याच वेळी नानांचा स्वभाव पुरता ओळखणारा माणूस तूच आहेस, म्हणून फोनवर दोन वाक्यांत न गुंडाळता सविस्तर लिहितो आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, गुडघा आता दुखत नाही. नानांचा रक्तदाबही आटोक्यात आहे. काळजी आहे ती त्यांच्या कानांची.

परवा सुमीकडे आम्ही सगळे जमलो होतो. निखिलने फोनवरची पाच मिनिटांची श्रवणचाचणी आधी नानांकडून करून घेतली आणि मग स्वतःचे ऍपलचे एअरपॉड्स प्रो २ त्यांच्या कानांत बसवून, बाहेरचा आवाज टिपून तो वाढवून देणारी सोय सुरू केली. नाना क्षणभर स्तब्ध झाले आणि म्हणाले, "तुमचा नळ गळतो आहे." सुमी उठून पाहून आली, मोरीतला नळ खरोखरच थेंब थेंब गळत होता आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. त्यानंतर नाना बराच वेळ बोलत बसले, "काय म्हणालास?" असे एकदाही न विचारता, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याचे वाक्य संपल्यावर बोलत होते. अलीकडे ते सगळ्यांच्या मध्येच बोलू लागतात याचा सुमीला राग येत असे. समोरचा थांबला आहे की नाही हेच त्यांना कळत नव्हते, हे त्या दिवशी आम्हाला समजले. माझ्या कानांतल्या वायरी ओढून आपल्या दोघांना "बहिरे व्हाल" असे बजावणाऱ्या नानांना असे पाहताना मला काय वाटले असेल ते तुला वेगळे सांगायला नको.

त्यांचे ऐकणे सरसकट कमी झालेले नाही. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. अर्थ स्पष्ट करणारी स, श, फ यांसारखी व्यंजने मात्र मुख्यतः दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर, म्हणजे वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच क्षीण असतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे नानांना कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. 'साठ' म्हटले की ते 'आठ' ऐकतात. मग आपण ओरडतो. ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजने फारशी वाढत नाहीत, आणि नाना चिडून म्हणतात, "मी बहिरा नाही, तू नीट बोल." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

आता माझा प्रश्न. माझ्याकडे साध्या इअरबड्सची एक जवळजवळ नवी जोडी आहे, ती नानांना द्यावी, की निखिलकडे आहेत तसे प्रो घ्यावेत? दोन्ही जोड्या आलटून पालटून वापरून पाहिल्या आहेत, शांत खोलीत, पंख्याखाली आणि रहदारीच्या बाजूच्या खिडकीशी.

शांत खोलीत गाणे ऐकताना फरक आहे, पण तो किमतीतल्या फरकाच्या मानाने लहान आहे. तू लगेच म्हणशील की महागड्या जोडीत स्पीकर चांगले असतात. असतात. सॅमसंगने जुलै २०२४ मध्ये बड्स ३ आणि बड्स ३ प्रो एकदमच आणले. साध्यात ११ मिलिमीटरचा एकच स्पीकर आणि प्रोमध्ये खालच्या व वरच्या आवाजांसाठी दोन वेगळे. परंतु ब्लूटूथवरून येणारा आवाज बहुतेक वेळा आधी दाबून लहान केलेलाच असतो, मग जोडी कोणतीही असो. आवाज दाबून पाठवण्याची सोनीची एलडॅक ही पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत मजल मारते, पण ती फोन आणि इअरबड्स या दोघांनाही यावी लागते. आणि ज्या पट्टीतले नानांना ऐकूच येत नाही, त्या पट्टीतला बारकावा त्यांच्या काय कामाचा?

खरा फरक कान बंद होतो की नाही, यात आहे. माझी साधी जोडी कानाच्या तोंडाशी नुसती टेकून राहते, त्यामुळे खर्ज बाहेर निसटतो आणि बाहेरचा गोंगाट मोकळेपणी आत येतो. प्रोच्या सिलिकॉनच्या टिपा कान घट्ट बंद करतात. खिडकीशी बसून बातम्या ऐकताना नानांनी साध्या जोडीवर आवाज जवळजवळ शेवटापर्यंत नेला. प्रोवर निम्म्याने त्यांचे काम भागले. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास. जे उरले आहे ते राखायचे असेल, तर आवाज कमी ठेवता येणे ही चैन नव्हे.

इथे आपले जुने भांडण येते. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट विरवण्याची सोय, हे पैसे मोजून बहिरेपण विकत घेणे आहे, असे तू म्हणाला होतास आणि वर हे कंपन्यांनी अलीकडे काढलेले खूळ आहे असाही शेरा मारला होतास. शेखरने तुझी बाजू घेतली होती हेही माझ्या लक्षात आहे. विनायक, ही कल्पना आपल्या वडिलांच्या पिढीइतकी जुनी आहे. बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलटी लहर निर्माण करून दोन्ही एकमेकींत विरवायच्या, याचे अमेरिकन पेटंट पॉल ल्यूग या जर्मन गृहस्थांना १९३६ सालीच मिळाले होते. अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात हेडफोनसाठी त्यावर विचार सुरू केला आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा संच १९८९ मध्ये बाजारात आला. आज तेच काम इअरबडमधले इवलेसे मायक्रोफोन आणि चिप करतात. त्याला एक मर्यादा मात्र आहे: हे तंत्र पंख्याची घरघर, इंजिनाचा घुमारा अशा खालच्या, एकसारख्या आवाजांवर उत्तम चालते, भांड्यांचा खणखणाट किंवा कुत्र्याचे भुंकणे अडवायचे काम मुख्यतः सिलिकॉनची टीपच करते. नानांच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे, कारण त्यांना नकोशी होणारी घरघर खालच्या पट्टीतली आहे आणि हवी असलेली व्यंजने वरच्या पट्टीतली.

'साधे' या शब्दानेही गफलत होते. ऍपलने सप्टेंबर २०२४ मध्ये एअरपॉड्स ४ दोन प्रकारांत आणले. दोन्हींत चिप तीच, आकार तोच, टिपा कोणालाच नाहीत; एकात नॉइज कॅन्सलेशन आणि बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय आहे, दुसऱ्यात नाही. मला वाटले, मधला मार्ग सापडला. परंतु नानांना ज्या सोयीने नळ ऐकू आला, ती या दोन्हींत नाही, प्रोमध्येच आहे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्या सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे अशा प्रकारचे ते पहिलेच सॉफ्टवेअर. त्यासाठीचा अभ्यास ११८ जणांवर झाला होता आणि स्वतःच जुळवणी करणाऱ्यांना तज्ज्ञाकडून जुळवून घेणाऱ्यांसारखाच फायदा जाणवला. पण ही मान्यता अठरा वर्षांवरील व्यक्तींच्या सौम्य ते मध्यम श्रवणदोषापुरती आहे, चाचणी आणि जुळवणीसाठी त्याच कंपनीचा फोन किंवा टॅबलेट लागतो आणि ही सोय सगळ्या देशांत सुरू नाही. निखिल त्याचा जुना फोन द्यायला तयार आहे.

मग अडचण काय, असे तू विचारशील. अडचणी बऱ्याच आहेत आणि त्या कोणत्याही जाहिरातीत लिहिलेल्या नसतात.

कान बंद झाला की स्वतःचा आवाज आत घुमतो. पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, "मी रांजणात तोंड घालून बोलतो आहे असे वाटते." चावताना तर त्यांना दुसरे काही ऐकूच येईना. बाहेरचा आवाज आत घेणारी सोय चालू असताना हे पुष्कळ कमी होते, पण पूर्णपणे जात नाही. त्यांच्या डाव्या कानाचे छिद्र अरुंद आहे, त्यामुळे डावीकडे लहान आणि उजवीकडे मधली टीप लावावी लागली. उजवीकडेही लहान लावली तर खर्ज नाहीसा होऊन सगळा आवाज पत्र्यासारखा कोरडा झाला. शिवाय प्रोची दांडी चिमटीत दाबावी लागते. तुला त्यांची बोटे आठवतात ना? ती आता थरथरतात. एकदा दाबायला गेले आणि गादीखाली गेलेला इअरबड शोधायला निखिल आणि मी पालथे पडलो.

बॅटरीचा हिशोब तर दोन्हीकडे सारखाच दुखरा आहे. एका भरणीवर साधे सुमारे पाच तास चालतात आणि निखिलचे प्रो नॉइज कॅन्सलेशनसह सुमारे सहा. श्रवणयंत्र सकाळी घातले की रात्रीपर्यंत चालते. नानांनी दुपारी डबीत ठेवून ते पुन्हा घालायचे, हे रोज त्यांच्या लक्षात राहील का? आणि ही बॅटरी इतकी लहान असते की रोजच्या वापराने दोन-तीन वर्षांत तिचा दम कमी होतोच, जास्त पैसे दिले म्हणून ती जास्त जगत नाही. माझ्या आधीच्या जोडीचा डावा इअरबड असाच संपला आणि दुरुस्ती केंद्राने, बॅटरी बदलता येत नाही, नवीन घ्या, एवढेच सांगितले. याचा मला अजून संताप येतो. फेअरफोनने २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे इअरबड्स काढून दाखवले, म्हणजे हे अशक्य नाही. युरोपीय संघाचा नियमही १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता यावी असे सांगतो. मोठ्या कंपन्या तोवर का थांबल्या आहेत ते त्यांनाच ठाऊक.

पण माझी झोप यांपैकी कशानेही उडालेली नाही. कानात इअरबड असलेल्या माणसाशी कोणी बोलायला जात नाही, विनायक. तो गाणे ऐकत असेल, फोनवर असेल, त्याला एकटे राहायचे असेल, असे समजून लोक पुढे जातात. सुमीकडेच शेजारचे गृहस्थ आले, त्यांनी नानांच्या कानांकडे पाहिले आणि माझ्याशी बोलू लागले. नाना त्यांचा शब्द न् शब्द ऐकत होते, आणि कोणी त्यांना विचारत नव्हते. श्रवणयंत्र दिसले की लोक निदान वळून, सावकाश बोलतात. ज्या उपकरणाने नानांना माणसांत आणले, तेच त्यांना माणसांतून उठवणार असेल तर मी काय विकत घेतो आहे?

वसुधा म्हणते, सरळ श्रवणयंत्र घ्या. तिचे चुकत नाही. पण नाना श्रवणयंत्राचे नाव काढू देत नाहीत. ते घातले की आपण म्हातारे झालो असे जाहीर होईल, हे त्यांच्या मनात पक्के बसले आहे. निखिलचे इअरबड्स मात्र त्यांनी आरशात पाहून नीट बसवले. दादाचे मत, फोनपुरती साधी जोडी पुरे. फोनवर बोलायला साधी जोडी पुरेल हे मलाही मान्य आहे, कारण तिथे बोलणे थेट कानात येते. पण नानांचे सगळे जगणे फोनवर चालत नाही.

म्हणून सध्या असे ठरवतो आहे. आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन रीतसर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढायचा. डावा कान उजव्यापेक्षा जास्त गेल्याची मला शंका आहे, आणि दोन कानांत मोठा फरक असेल, चक्कर किंवा दुखणे असेल, तर इअरबड्सनी वेळ काढणे योग्य नाही. नुसता मळ असला तर देव पावला. दोष सौम्य किंवा मध्यम निघाला तर प्रो घ्यायचे, आणि पुढे त्यांचे मन वळले की श्रवणयंत्र. साधी जोडी त्यांना द्यायची नाही. तिने ते आवाज वाढवत राहतील, एवढेच होईल.

इथेच मला तुझी गरज आहे. माझे ते ऐकत नाहीत, तुझे ऐकतात. वायर ओढायचे ते माझी, आणि समजूत घालायचे ती तुझी. तू त्यांना फोन कर आणि डॉक्टरांकडे जाण्याचे तूच सुचव. आवाजाच्या कामात दहा वर्षे काढलेल्या माणसाने सांगितले तर त्यात त्यांना कमीपणा वाटणार नाही. बोलताना सावकाश बोल, ओरडू नकोस, आणि संध्याकाळी उशिरा करू नकोस, तोवर ते थकलेले असतात.

तुझ्या बदलीचे काय झाले? मीनाक्षीचे हिशोबाचे काम मार्गी लागले असे शेखरकडून कळले, फार आनंद झाला. चि. ओवीने आठवीत प्रथम क्रमांक मिळवला म्हणे. तिला माझ्याकडून शाबासकी सांग. तुझ्या कानांतली शिट्टी अजून वाजते का? तुझाही ऑडिओग्राम काढून घे, टाळू नकोस.

नानांच्या तपासणीची वेळ येत्या आठवड्यात घेतो आहे. त्याआधी तुझा फोन त्यांना यावा, आणि प्रोच्या बाबतीत तुझे मत विरुद्ध असेल तर ते कारणांसह मला लिहावेस. 'खूळ' एवढे कारण या वेळी चालणार नाही.

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
सुधीर