पेठेतल्या चिठ्ठ्या जपा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला भोकाच्या पैशावरचा लेख वाचला. १९४३ साली तो निघाला, तांबं वाचावं म्हणून मधे भोक पाडलं, हे सगळं बरोबर. पण मोडीची, म्हणजे सुट्या पैशांची, टंचाई होती तेव्हा पेठ कशी चालली, हे त्यात आलं नाही, म्हणून लिहितो.

वाईला आमचं किराणा दुकान होतं. महायुद्ध सुरू झालं तशी लोकांनी नाणी घरात दाबून ठेवली. गरजेपेक्षा जास्त मोड बाळगणं सरकारने १९४० मध्येच गुन्हा ठरवलं, तरी गल्ल्यात चिल्लर येईना. गिऱ्हाइकाने अर्ध्या आण्याचं मीठ घेऊन आणा पुढे केला, तर वरचे दोन पैसे द्यायचे कुठून? पोस्टाची तिकिटं देऊन पाहिली, ती पावसाळ्यात एकमेकांना चिकटली. मग आजोबांनी वहीच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या. पुढे दुकानाचा जांभळा शिक्का, मागे 'अर्धा आणा' आणि खाली आजोबांची मोडी लिपीतली सही. वडील सांगायचे, दूधवाली आणि न्हावीसुद्धा त्या बिनबोभाट घ्यायचे. फिरून फिरून त्या आमच्याच गल्ल्यात यायच्या.

नवे पैसे सुरू झाल्यावर, म्हणजे १९५७ नंतर, एक म्हातारी पदराच्या गाठीतून अशा आठ चिठ्ठ्या घेऊन आली. आजोबा तेव्हा नव्हते. वडिलांनी सही पाहिली आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे तिच्या हातावर मोजले. त्या आठ चिठ्ठ्या आजही माझ्याकडे चहाच्या डब्यात आहेत.

काठियावाडातल्या काही संस्थानांनी तेव्हा पुठ्ठ्याची छापील कूपनं काढली होती. ती संग्राहक हौसेने घेतात. आमच्या चिठ्ठ्या मात्र एका प्रदर्शनात दाखवल्या, तर 'याला काही किंमत नाही' म्हणून विक्रेत्याने परत केल्या. मला हे फार लागलं. सरकारचं नाणं पुरेना तेव्हा माणसांचा बाजारहाट या पुठ्ठ्यावर झाला आहे.

जुन्या दुकानदारांच्या घरी, माळ्यावर, चोपड्यांत असं काही सापडलं तर रद्दीत घालू नका. घरात नव्वदीचं कुणी असेल तर आताच विचारा: चिठ्ठी कोणाची, कुठवर चालायची, शेवटी कोणी वटवली. एखाद्या संग्रहालयाने ही माहिती चिठ्ठ्यांसकट जमवावी. माझ्या आठही मी द्यायला तयार आहे. दोनांवरचा शिक्का आता वाचता येत नाही.

आपला,
एक वाचक, वाई